सुरैया म्हटलं की लगेच देव आनंद?

काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी जुन्या काळातल्या गाणाऱ्या नटीचा, सुरैयाचा फोटो टाकला आणि पाच मिनिटांत तेच सुरू झालं. देव आनंदवरचं प्रेम, आजीचा विरोध, अंगठी, जन्मभर लग्न केलं नाही, बिच्चारी. अहो माहितीये ते सगळ्यांना! पण एकानेही तिचं एक गाणं टाकू नये?

पोरगी १२-१३ वर्षांची होती तेव्हा संगीतकार नौशादने तिला 'शारदा'मध्ये (१९४२) नटी मेहताबसाठी गायला लावलं, माइकपर्यंत पोचेना म्हणून स्टुलावर उभं केलं म्हणतात. पडद्यावर मोठी बाई नि आवाज शाळकरी मुलीचा. मग गायक-नट सैगलबरोबर तीन सिनेमे. गाणं रीतसर शिकलेली नव्हती आणि मला विचाराल तर तेच तिच्या पथ्यावर पडलं, कारण ती गायला लागली असं वाटतच नाही, बोलता बोलता सूर लागल्यासारखं वाटतं.

'बडी बहन' (१९४९) बघा एकदा. हिरॉईन सुरैया, स्वतःची गाणी स्वतः गातेय, आणि त्याच पिक्चरमध्ये गीता बालीला आवाज लताचा. नटीने स्वतः गायचं ही जुनी पद्धत नि दुसरीचा आवाज घ्यायचा ही नवी पद्धत, एकाच घरात! फाळणीनंतर नूरजहाँ, खुर्शीद या गाणाऱ्या नट्या पाकिस्तानात गेल्या, ही इथेच मरीन ड्राइव्हला कृष्णा महलमध्ये राहिली, पण नटीला गाता यायलाच हवं ही गरजच हळूहळू संपत गेली.

आणि तरी १९५४ ला 'मिर्झा गालिब'. 'नुक्ताचीं है ग़म-ए-दिल' हेडफोन लावून ऐका, रात्री, लाइट घालवून. कुठे ताना नाहीत की हुंदके नाहीत, शब्द एकेक सुटा नि स्वच्छ, उर्दू न कळणाऱ्या माझ्यासारख्यालाही काहीतरी पोचतं. नेहरू तिला म्हणाले होते की तू गालिबला जिवंत केलंस. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते वेगळंच.

शेवटचा सिनेमा 'रुस्तम सोहराब', १९६३, संगीतकार सज्जादची चाल, 'ये कैसी अजब दास्ताँ हो गई है'. सज्जादच्या चाली म्हणजे भल्याभल्यांना घाम, ही मात्र आरामात गाऊन गेली. वय ३४. त्यानंतर सिनेमा बंद, २००४ ला गेली तोवर चाळीस वर्षं.

ग्रुपवर मी हेच गाणं टाकलं. दोन अंगठे आले, आणि वरच्या मजल्यावरचे काका विचारतात, यात देव आनंद आहे का?