खिचडी सरकार, सेन्सेक्स आणि तीन ओळींचा तक्ता

निवडणुकीची चाहूल लागली की फोंडा-म्हापशातल्या गुंतवणूकदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. वर तीन ओळींचा तक्ता असतो. मे २००४, खिचडी सरकार, सेन्सेक्स कोसळला. मे २०१४, पूर्ण बहुमत, सेन्सेक्स उसळला. जून २०२४, बहुमत हुकलं, सेन्सेक्स पुन्हा कोसळला. खाली निष्कर्ष: आघाडीच्या काळात आर्थिक सुधारणा होत नाहीत, बाजाराला मजबूत सरकारच लागतं, गोव्याने दिल्लीचंच इंजिन पणजीत जोडावं (म्हणजे दोन्हीकडे एकाच पक्षाचं सरकार), आणि त्रिशंकूची शंका आली तर निकालाआधी शेअर विकून मोकळं व्हावं.

हा मेसेज पुढे ढकलणारी बरीच माणसं माझ्याच विचारांची आहेत. सरकारने धंद्यात कमी लुडबुड करावी, कर थोडे आणि सोपे असावेत, तोट्यातले सरकारी उद्योग विकून टाकावेत, हे त्यांचं मत आणि माझंही. म्हणूनच आश्चर्य वाटतं. ज्याला सरकारचा हात आखडलेला हवा आहे, तोच सरकारला मोकळं रान मिळावं म्हणून देव पाण्यात घालून का बसतो?

‘आघाडीत सुधारणा होत नाहीत’ हा दावा आधी घेऊ, कारण बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत.

१९९१ साली परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं, सोनं गहाण टाकायची वेळ आली होती. त्या वर्षी २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण आणि मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प एकाच दिवशी आला आणि परवाना राज मोडीत निघालं. नरसिंह रावांच्या सरकारकडे तेव्हा बहुमत नव्हतं. प्राप्तिकराचे १०, २०, ३० टक्के हे दर आले ते फेब्रुवारी १९९७मध्ये, देवेगौडांच्या डझनभर पक्षांच्या सरकारात. अर्थसंकल्प मांडून दीड महिना होतो न होतो तोच ते सरकार पडलं. दर मात्र टिकले. जुन्या करप्रणालीत आजही वरचा दर ३० टक्केच आहे. विमा खासगी कंपन्यांना खुला झाला, व्हीएसएनएल, बाल्को आणि हिंदुस्तान झिंक हे सरकारी उद्योग विकले गेले, २००३चा वीज कायदा आला, तो वाजपेयींच्या काळात. त्यांच्या पक्षाकडे जागा होत्या १८२, आणि सोबत वीसेक पक्षांचं लटांबर.

हे सगळं सोवळ्यात झालं असं कोणी समजू नये. १९९३चा अविश्वास ठराव रावांनी कसा परतवला, ते झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांच्या लाच प्रकरणात देशाने पाहिलं. मित्रपक्ष अडवतातही. २०१२मध्ये रेल्वेभाडं वाढवलं म्हणून तृणमूलने आपल्याच रेल्वेमंत्र्याला घरी बसवलं, आणि पुढे किरकोळ व्यापारातल्या परदेशी गुंतवणुकीवरून सरकारच सोडलं. मेसेजवाल्यांचा हा मुद्दा खरा आहे. पण तो त्यांच्या तक्त्यात नाही, हे विशेष.

दिल्लीची उदाहरणं राहू देत. मडगावहून रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरणाऱ्या गोंयकाराने कोकण रेल्वेची कुंडली एकदा उघडून बघावी. महामंडळ स्थापन झालं जुलै १९९०मध्ये. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, सरकार व्ही. पी. सिंगांचं, एका बाजूने भाजप आणि दुसऱ्या बाजूने डावे यांच्या बाहेरच्या टेकूवर उभं. भांडवल एकट्या केंद्राचं नव्हतं: सुरुवातीला केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा पैसा मुख्यतः रोखे विकून बाजारातून उभा केला. रेल्वेच्या वार्षिक तरतुदीची वाट बघत बसले असते, तर हा मार्ग अजून नकाशावरच असता. गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावरून आंदोलन पेटलं, ओझा आयोग बसला, काही काळ काम थांबलं. पेडण्याच्या बोगद्यात माती ढासळत राहिली, तो सगळ्यात शेवटी पुरा झाला. जानेवारी १९९८मध्ये रोहा ते मंगळूर मार्ग पूर्ण झाला, तोवर दिल्लीने सहा पंतप्रधान पाहिले होते. त्यांतल्या एकाकडेही निवडून आलेलं पूर्ण बहुमत नव्हतं. आणि पणजीत? त्याच दशकात मुख्यमंत्री इतक्या वेळा बदलले की आज खुर्चीवर कोण, ते सकाळी पेपर उघडल्यावर कळायचं. चर्चिल आलेमांव १९९०मध्ये अठरा दिवस मुख्यमंत्री होते. रेल्वे आली ती या सगळ्या गोंधळातून.

आता बहुमताची दुसरी बाजू. तक्ता २००४पासून सुरू होतो, हा योगायोग नसावा. १९७१मध्ये इंदिरा गांधींना ३५२ जागा मिळाल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत कोळसा खाणी सरकारजमा झाल्या, प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला, आणि गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने स्वतःच्या हाती घेतला. तो वर्षभरात अंगाशी आल्यावर गुपचूप सोडून दिला. राजीव गांधींना चारशेच्या वर जागा होत्या. १९८५चा अर्थसंकल्प चांगला होता, बाजारही खूश झाला. पण १९९१ला जे बिल आलं, त्यातली मोठी उधारी त्याच दशकातली.

आणि नोव्हेंबर २०१६. एका रात्रीत ५००-१०००च्या नोटा बाद. ऐन हंगामाचं तोंड, किनाऱ्यावर शॅक नुकतेच उभे राहिलेले, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चवळी-मिरची घेऊन बसलेल्या बायांकडे दोन हजाराच्या नोटेला सुटे नाहीत. पन्नास दिवस द्या, हे आवाहन पंतप्रधानांनी केलं तेही १३ नोव्हेंबरला गोव्यातूनच. पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की बाद केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. बाजारवादी माणसाने या निर्णयाला ‘धाडसी’ म्हणावं, हे मला आजवर पचलेलं नाही. लोकांच्या खिशातला पैसा कागद ठरवण्याइतकी ताकद कोणत्याही सरकारकडे असणं, ही आपल्यासाठी काळजीची गोष्ट आहे.

बहुमत असूनही न झालेल्या गोष्टींची यादीही बरीच आहे. भूसंपादनाचा वटहुकूम २०१५मध्ये विरून गेला. कृषी कायदे ३०३ खासदारांच्या जोरावर झाले आणि नोव्हेंबर २०२१मध्ये मागे घ्यावे लागले. भारत पेट्रोलियम विकायचं ठरलं २०१९मध्ये, गिऱ्हाईक मिळेना म्हणून २०२२मध्ये बेत गुंडाळला. चार कामगार संहिता संसदेत मंजूर झाल्या २०१९-२०मध्ये. पूर्ण बहुमताच्या काळात त्या कपाटात पडून राहिल्या, आणि लागू झाल्या नोव्हेंबर २०२५मध्ये, म्हणजे बहुमत हुकल्यावर. हे आघाडीमुळे झालं असा माझा दावा नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडू शकते. पण मग हा न्याय तक्त्यालाही लावा.

बहुमताचं श्रेय नाकारायचं कारण नाही. दिवाळखोरी संहिता, एअर इंडियाची विक्री, पूर्वलक्षी (मागच्या तारखेपासून लावलेल्या) कराची कलमं रद्द करणं, ही कामं झाली आणि चांगली झाली. या बाबतीत मला एक दिवस फार बोलका वाटतो, आणि तो पणजीतला आहे. २० सप्टेंबर २०१९. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी निर्मला सीतारामन इथे आल्या होत्या. सकाळी त्यांनी इथूनच जाहीर केलं की सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर २२ टक्के होणार. मोठ्या कंपन्यांना तो तोवर ३० टक्के होता. वटहुकूम, एकट्या केंद्राचा निर्णय. सेन्सेक्स त्या दिवशी १९२१ अंकांनी वर गेला. मेसेजवाल्यांना हवं तसंच उदाहरण.

पण त्याच दिवशी, त्याच गावात परिषदेने हॉटेलच्या खोल्यांवरचा जीएसटी कमी केला. साडेसात हजारांवरच्या भाड्याला २८ऐवजी १८ टक्के, हजार ते साडेसात हजारांच्या भाड्याला १८ऐवजी १२. कळंगुट-कोलव्याच्या हॉटेलवाल्यांसाठी कंपनी करापेक्षा हा निर्णय जवळचा होता. तो केंद्राच्या एकट्याच्या हातात नव्हता. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतात. देशातली सगळ्यात मोठी करसुधारणा ज्या परिषदेतून चालते, तिची रचनाच आघाडीची आहे; पक्षोपक्षांचे अर्थमंत्री तिथे भांडतात आणि बहुतेक वेळा एकमताने उठतात.

‘दिल्लीचंच इंजिन पणजीत’ या मुद्द्यावर खाणपट्ट्यातल्या माणसाशी बोलावं. मार्च २०१२मध्ये गोव्यात भाजपला ४० पैकी २१ जागा मिळाल्या, स्पष्ट कौल. सप्टेंबरात खाणी बंद. त्याचं खापर त्या सरकारवर फोडता येणार नाही, बेकायदा खाणकामाचं पाप आधीचं होतं. पण पुढचं बघा. २०१४पासून दिल्लीत आणि पणजीत एकच पक्ष. जानेवारी २०१५मध्ये केंद्र वटहुकूम काढतं की खाणपट्टे यापुढे लिलावानेच. आणि राज्य सरकार नेमकं त्याच्या तोंडावर जुन्याच लीजधारकांना घाईघाईने नूतनीकरण देतं, काहींना तर वटहुकमाच्याच तारखेला. दोन्ही इंजिनं एकाच पक्षाची, तोंडं विरुद्ध दिशेला. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ला ८८ लीजांचं ते नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून उत्खनन थांबलं. सावर्डे, कुडचडे, डिचोली, साखळी. घराशेजारी उभे ट्रक, खाली बसलेले टायर, ताडपत्रीवर वाढलेली वेल, आणि बँकेचा हप्ता दर महिन्याच्या त्याच तारखेला. २०१५मध्येच सरळ लिलाव झाला असता, तर पैसाही तिजोरीत आला असता आणि कायद्याचा पायाही पक्का झाला असता. लिलाव सुरू व्हायला २०२२चा डिसेंबर उजाडला. ट्रकमालकाला सरकारकडे किती आमदार आहेत याच्याशी कर्तव्य नव्हतं. आज मिळालेली परवानगी तीन वर्षांनी कोर्टात टिकेल का, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

राहिला तक्ता. १७ मे २००४ला सेन्सेक्स ११ टक्क्यांनी पडून ४५०५वर बंद झाला, हे खरं. त्यातून आलेल्या काँग्रेसच्या आघाडी सरकारात, डाव्यांच्याच टेकूवर, जानेवारी २००८मध्ये तो २१ हजारांवर गेला. त्याला जगभरच्या स्वस्त पैशाचा हात होता, आणि पुढे तो आपटला तोही अमेरिकेतल्या बँकांमुळे. १८ मे २००९ची ओळ तक्त्यात नाहीच. त्या दिवशी बाजार १७ टक्क्यांनी वर गेला, वरचं सर्किट (वाढीची ठरलेली मर्यादा) लागून व्यवहार थांबवावे लागले. काँग्रेसच्या जागा होत्या २०६, म्हणजे पुन्हा आघाडीच. डावे बाहेर गेले म्हणून बाजार नाचला, असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे बाजार धोरणाकडे बघत होता, पक्षांच्या संख्येकडे नाही.

निकालाआधी विकून मोकळं व्हा, या सल्ल्याचा हिशेब तर सोपा आहे. ३ जून २०२४ला एक्झिट पोलच्या भरवशावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी फुगून ७६,४६८वर बंद झाला. ४ जूनला ४३८९ अंक पडून ७२,०७९. बहुमत हुकलंय, आघाडीचं सरकार येणार हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. ७ जूनला बाजार ७६,६९३वर बंद झाला, म्हणजे पडण्याआधीच्या पातळीच्याही वर. मंगळवारी घाबरून ज्यांनी विकलं, त्यांना शुक्रवारी तेच शेअर चढ्या भावाने दिसत होते. ज्यांनी एसआयपीचा (म्युच्युअल फंडातल्या दरमहा ठरावीक गुंतवणुकीचा) हप्ता नेहमीच्या तारखेला जाऊ दिला आणि टीव्ही बंद ठेवला, त्यांना त्या आठवड्यात काही झालं होतं हे पुढच्या स्टेटमेंटवरून कळलंही नसेल.