विलोला बोडकं करायला निघालेल्यांसाठी

थंडी ओसरू लागली की इंग्लंडातल्या मराठी ग्रुपांवर विपिंग विलो या लोंबत्या फांद्यांच्या झाडाबद्दल एक फॉरवर्ड फिरू लागतो. मजकूर साधारण असा: "विपिंग विलो कसंही तोडा, फुटतंच. शेंडा उडवा, फांद्या खोडालगत साफ कापा, वर रंग फासा. घराजवळ असेल तर काढूनच टाका, नाहीतर मुळं पाइप फोडतील, पाया खचवतील."

कसंही तोडलं तरी फुटतं, हे खरं. विलोची हातभर काडी ओल्या मातीत खोचली तरी मूळ धरते. पण फुटणं म्हणजे सावरणं नव्हे. शेंडा उडवला की कापाच्या कडेने धुमाऱ्यांचा झुबका उसळतो आणि बघणाऱ्याला वाटतं, झाड काय जोमात आहे! मूळची फांदी खोडाच्या लाकडात खोलवर गुंतलेली असते. हे धुमारे नुसते वरच्या थराला धरून असतात. खाली कापलेलं लाकूड कुजत जातं, वर धुमारे जड होत जातात. त्यात विलोचं लाकूड मुळातच ठिसूळ. मग एखाद्या हिवाळी वादळात अख्खी फांदी शेजाऱ्याच्या शेडवर.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, नदीकाठची बोडकी विलो कशी टिकतात? ते पोलार्डिंग. झाड कोवळं असताना सुरू करायचं, दर काही वर्षांनी त्याच गाठीवर कापायचं, आणि पाळी चुकवायची नाही. तीस वर्षं मोकळं वाढलेलं झाड एका शनिवारी करवतीने भुंडं करणं याला पोलार्डिंग म्हणत नाहीत.

आता खोडालगतचा काप आणि रंग. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांनी आयुष्यभर खोडं चिरून पाहिली आणि 1977 मध्ये सविस्तर मांडलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड बिघडलेल्या भागाभोवती आतून जणू भिंती उभारतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. बचावाची मुख्य फळी तिथेच. खोडालगत 'साफ' कापलं की ते कडंच गेलं. उलट लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. म्हणून काप कड्याच्या लगेच बाहेर. जाड फांदी तीन कापांत उतरवावी: खोडापासून फूटभर दूर खालून अर्धवट, त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण, आणि वजन उतरल्यावर उरलेला खुंट. एकाच कापात घाई केली तर पडणारी फांदी खोडाची साल सोलत खाली येते. रंगाने कुज थांबत नाही, उलट त्याच्या आड ओल राहते. डबा कुंपणासाठी ठेवा.

पाइपांचं म्हणाल तर मुळं सहसा धड पाइप फोडत नाहीत. जुन्या, झिरपणाऱ्या सांध्यातून आत शिरतात आणि मग जाळं करतात. दुरुस्ती पाइपाची करा.

पायाची भीती मात्र अगदीच खोटी नाही. लंडनसारख्या चिकणमातीत विलो इतकं पाणी खेचतं की माती आकसते. लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाच्या 1971 ते 1979 च्या पाहणीत विलोमुळे नुकसान झालेलं सर्वांत दूरचं घर 40 मीटरवर होतं, पण तीन-चतुर्थांश प्रकरणं 11 मीटरच्या आतली. तेव्हा घराजवळ नवं झाड लावूच नये. पण जुनं झाड एकदम काढणं हा त्यावरचा बिनधोक उपाय नव्हे! आकसलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि घर वर उचलतं; झाड घराआधीचं असेल तर हा धोका जास्त. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. आणि कौन्सिललाही. झाडावर संरक्षण-आदेश असेल तर परवानगी लागते, कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जतनासाठी राखलेल्या वस्तीत, सहा आठवडे आधी कळवावं लागतं, मग झाड तुमच्याच परसात का असेना.

फॉरवर्डाचा मुहूर्त तेवढा बरा आहे. हिवाळा सरताना, पालवी फुटण्याआधी छाटावं. पक्ष्यांची घरटीही तेव्हा सहसा नसतात. मेलेल्या, मोडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढा, आणि एका वर्षात पाव झाडाच्या पुढे जाऊ नका.

हाच मजकूर पुण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवरही पोचतो. तिथे अनेकदा ज्याला विपिंग विलो म्हटलं जातं ते लाल फुलांचं बॉटलब्रश असतं. त्याची हलकी छाटणी बहर ओसरल्यावर करतात, आणि मोठी तोड करायची तर 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी घ्यावी लागते.