बागेच्या आरक्षणासंबंधी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

सातारा जिल्ह्यातील आपल्या गावात सध्या ‘बागेचे आरक्षण उठले, जागा गाळ्यांसाठी दिली’ असा संदेश नगरपरिषदेच्या नोटिशीच्या छायाचित्रासह फिरत आहे. हे खरे नाही. नगरपरिषदेच्या फलकावरील मूळ नोटीस व नगररचना विभागातील ठरावाची प्रत मी स्वतः वाचली आहे. छायाचित्रात नोटिशीचा खालचा परिच्छेद कापला गेला असून, हरकती व सूचना मागवल्याचा मजकूर नेमका तिथेच आहे.

ही नोटीस महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खालील असून, तीत रस्त्यालगतची पट्टी वाहनतळासाठी वळवण्याचा केवळ प्रस्ताव आहे. गाळ्यांचा उल्लेखही नाही. एक महिन्याच्या मुदतीत कोणालाही लेखी हरकत घेता येते, त्यावर सुनावणी होते आणि राज्य शासनाची मंजुरी मिळेपर्यंत विकास आराखड्यातील बागेचे आरक्षण कायम राहते.

‘दहा वर्षांनी आरक्षण आपोआप संपते’ असेही काही जण म्हणतात; तेही चुकीचे आहे. याच अधिनियमाच्या कलम 127 नुसार दहा वर्षांनंतर जागामालकाने रीतसर सूचना द्यावी लागते आणि पुढील 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तरच आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते.

मलाही ही पट्टी बागेतच राहावी असे मनापासून वाटते. परंतु सारे संपले असे समजून लोक हरकतच घेणार नाहीत, ही मोठी हानी ठरेल. म्हणून तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि हरकत लेखी देऊन तिची पोच घ्यावी.