‘दलाल काढा, भाडं वाचवा’ : पहिल्यांदा माल पाठवणाऱ्यांनी या मेसेजवर चालू नये

उद्योजकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: ट्रान्सपोर्टचा दलाल दोन फोन फिरवून तुमच्या घामाचे पैसे खातो. गाडीच्या मागे मालकाचा नंबर लिहिलेला असतो, थेट त्याला लावा. चार ठिकाणी विचारून सगळ्यांत कमी भाडं सांगेल त्याचीच गाडी घ्या. जागा असेल तेवढा माल भरा, भाडं तेच राहतं. माल चढला की जबाबदारी गाडीवाल्याची, ई-वे बिलही (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) तोच बघतो, मग विम्याला पैसे कशाला घालवायचे? आणि शेवटी, दलाल सगळे चोर.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतीव भागांच्या, कारखान्यात डिस्पॅच (माल पाठवण्याचं काम) बघतो. आजूबाजूच्या शेडमधली नवीन पोरं पहिली गाडी परराज्यात लावताना हा मेसेज दाखवून विचारतात, “दादा, खरंय का हे?” प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

“दलाल फक्त फोन फिरवतो.”

फोनच फिरवतो, पण कुणाला लावायचा हे त्याला माहीत असतं, आणि त्या माहितीचेच तो पैसे घेतो.

कोईमतूरला माल पाठवायचं उदाहरण घ्या. इचलकरंजीच्या मागांना सूत लागतं आणि त्यातलं बरंच तामिळनाडूच्या गिरण्यांतून येतं. ते घेऊन टीएन पासिंगच्या गाड्या इचलकरंजीत उतरतात आणि रिकाम्या होतात. त्या मालकाला गाडी रिकामी परत न्यायची नसते. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता हा खर्च तर होणारच असतो, त्यामुळे परतीचं भाडं तो कमी दरातही घेतो. आता तुम्ही हायवेवर दिसलेल्या एमएच पासिंगच्या गाडीमालकाला थेट फोन लावला, तर तो काय हिशोब करेल? कोईमतूरला जाईन, पण तिथून इकडचं भाडं मिळेल का, किती दिवस बसावं लागेल? ती सगळी धास्ती तो तुमच्या भाड्यात धरतो. दलालाचं कमिशन धरूनही इचलकरंजीत रिकामी होणारी गाडी तुम्हाला बहुतेक वेळा स्वस्त पडते. पण ती आज सकाळी कुठल्या गोदामाला खाली होतेय, हे तुम्हाला कोण सांगणार?

म्हणून दलाल निवडताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका. “तुमची लाइन कुठली?”, म्हणजे रोज कुठल्या मार्गावर गाड्या देता, हे विचारा. साउथ लाइनचा माणूस वेगळा, गुजरात लाइनचा वेगळा, दिल्लीचा वेगळा. जो “सगळीकडे गाड्या देतो” म्हणतो, तो बहुधा तुमचं काम दुसऱ्या दलालाकडे सरकवतो, आणि मध्ये आणखी एक हात वाढतो.

दुसरी गोष्ट गाडी बिघडल्यावर कळते. आमच्या शेजारच्या शेडमधल्या मुलाने थेट गाडी ठरवली होती. हुबळीच्या अलीकडे अॅक्सल तुटला. रात्री पावणेबाराला ड्रायव्हरचा फोन, आणि त्यानंतर गाडीमालकाचा फोन बंद. माल रस्त्याच्या कडेला तीन दिवस पडून होता. दुसऱ्या गाडीत पलटी करायचा (उतरवून भरायचा) तर हुबळीत गाडी कोण देणार, हमाल कोण आणणार, दोन गाडीवाल्यांचा हिशोब कोण मिटवणार? हे सगळं त्या पोराने कोल्हापुरात बसून फोनवर केलं. ज्याचे त्या लाइनवर रोजचे संबंध आहेत, त्याला हुबळीत ओळखीचा माणूस असतोच.

“सगळ्यांत कमी भाडं सांगेल त्याचीच गाडी घ्या.”

चौघांनी साधारण सारखा आकडा सांगितला आणि पाचवा एकदम खाली आला, तर त्याने काहीतरी सांगायचं राखून ठेवलंय असं समजा. भरणी-उतरणी, वाराई (हमाली), टोल कुणाकडे? हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) कधीपासून लागणार, दिवसाला किती? पूर्ण गाडी तुमची, की वाटेत आणखी कुणाचा माल चढणार? हे भाडं ठरतानाच मेसेजवर लिहून घ्या, नाहीतर उतरवताना भांडण ठरलेलं.

“जागा असेल तेवढा माल भरा.”

कास्टिंगच्या धंद्यात हा सल्ला घातक आहे. आमची गाडी पासिंगच्या वजनाला, म्हणजे आरटीओने ठरवलेल्या मर्यादेला, भरते तेव्हा डाल्याच्या (गाडीच्या मागच्या हौद्याच्या) निम्म्याखालीच माल दिसतो. नवा माणूस बघतो आणि म्हणतो, अजून केवढी जागा आहे! मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड ठेवला आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. आणि हा दंड फक्त ड्रायव्हरसाठी नाही. गाडी तशी चालवायला लावणारासुद्धा त्या कलमात येतो. रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा, दोन्ही वजनकाटे करा आणि पावत्या जपून ठेवा.

“माल चढला की जबाबदारी त्याची, विमा नको.”

या मेसेजमधलं सगळ्यांत महागात पडणारं वाक्य हे.

मालवाहतुकीचा कायदा म्हणजे कॅरेज बाय रोड अॅक्ट, २००७. १ मार्च २०११ पासून तो लागू झाला आणि १८६५ चा जुना कायदा गेला. वाहतूकदाराची जबाबदारी त्यात आहे, हे खरं. पण तिला मर्यादा आहे. जादा जोखमीचा दर देऊन वेगळं ठरवलं नसेल तर नियमांप्रमाणे सर्वसाधारण भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या मालाच्या किमतीच्या वर नाही. हिशोब करून बघा. पार्ट लोडमध्ये (इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीत) ३ लाखांचे पंप पाठवले आणि भाडं झालं ४ हजार. दहापट म्हणजे ४० हजार. उरलेले २ लाख ६० हजार कोण देणार?

“गाडीचा विमा आहे की,” असं ड्रायव्हर सांगतो आणि तो खोटं बोलत नसतो. पण तो विमा गाडीचा. तुमच्या मालाचा नाही. मालासाठी ट्रान्झिट पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. एका खेपेचीही मिळते, वर्षभराची ओपनही मिळते. घेताना कुठलं कलम लागू आहे ते वाचा. ‘ए’ कलमात जवळजवळ सगळ्या जोखमी येतात, ‘बी’मध्ये नावं घेऊन सांगितलेल्या तेवढ्याच. पावसात ताडपत्री फाटून माल भिजला, तर हा फरक कळतो, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि जबाबदारी ‘त्याची’ म्हणजे नेमकी कुणाची? दलाल, ट्रान्सपोर्टर आणि गाडीमालक ही तीन वेगळी माणसं असू शकतात. कायद्यातल्या वाहतूकदाराच्या व्याख्येत ब्रोकर म्हणजे दलालही धरलेला आहे आणि अशा व्यवसायाला नोंदणी सक्तीची आहे. पण त्याला धरायला त्याच्या नावाचा कागद लागतो. तो कागद म्हणजे बिल्टी, माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, आपण जिला एलआर म्हणतो. बिल्टीवर कुणाचं नाव, कुणाचा नोंदणी क्रमांक, गाडीचा कुठला नंबर, मालाची किती किंमत लिहिली आहे, हे गाडी गेटबाहेर पडायच्या आधी वाचा. “बिल्टी उद्या पाठवतो” म्हणणाऱ्याची गाडी आज सोडू नका.

“ई-वे बिल गाडीवाला बघतो.”

बिलाचा पहिला भाग तुमचा. माल, किंमत, एचएसएन (मालाच्या प्रकाराचा जीएसटी क्रमांक) हे तुम्हालाच माहीत असतं. दुसऱ्या भागात गाडीचा नंबर येतो, तो ट्रान्सपोर्टर भरू शकतो. परराज्यात ५० हजारांवरच्या मालाला ते लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. कोईमतूर हजार किलोमीटर धरलं तर पाच दिवस. वर सांगितलेल्या हुबळीच्या गाडीचे तीन दिवस तिथेच गेले आणि मुदतीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मुदत वाढवता येते, पण ती संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नवा नंबरही चढवावा लागतो. चूक सापडली आणि माल सोडवायला मालाचा मालक पुढे आला, तर दंड जीएसटीच्या दुप्पट. १८ टक्के कराचा १० लाखांचा माल असेल तर ३ लाख ६० हजार.

“दलाल सगळे चोर.”

हा राग कुठून येतो ते मला माहीत आहे, कारण मीही भाजलोय. सुरुवातीच्या काळात एका दलालाने गाडी दिली आणि भाड्याचे ९० टक्के आगाऊ त्याच्या स्वतःच्या खात्यात मागून घेतले. बिल्टी नाही, घाई होती. गाडी वेळेवर पोचली. ग्राहकाच्या गेटसमोर ड्रायव्हर खाली उतरला, टायरच्या सावलीत गमछा टाकून बसला आणि म्हणाला, मालकाला पैसे पोचल्याशिवाय रस्सी सोडणार नाही. दलालाने गाडीमालकाला निम्मेसुद्धा दिले नव्हते. त्याचा फोन लागेना. आत ग्राहकाचं उत्पादन थांबलेलं. शेवटी आम्ही गाडीमालकाला दुसऱ्यांदा पैसे भरले, तेव्हा ताडपत्री निघाली. ड्रायव्हरवर मी तेव्हाही चिडलो नव्हतो. त्याचा मालक बरोबर होता.

चूक माझी होती, आणि ती टाळता येण्यासारखी होती. आता मी आगाऊ रक्कम बिल्टीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात टाकतो, काट्याची पावती आणि बिल्टी हातात आल्यावर. गाडी आली की एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून फिटनेस, विमा, परमिटची मुदत बघतो. सांगितलेला नंबर आणि गेटवर आलेला नंबर वेगळा असेल तर कारण कितीही पटणारं असो, माल चढवत नाही. गाडीमालकाशी एकदा स्वतः बोलून घेतो: भाडं किती ठरलंय, किती मिळालं? प्रामाणिक दलालाला याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे मी पुन्हा जात नाही. ज्या दोघांकडे आम्ही वर्षानुवर्षं गाड्या मागतो, ते स्वतःहून मालकाचा नंबर देतात. त्यांचं बाकीचं भाडं आम्हीही पीओडी (माल पोचल्याची ग्राहकाच्या सहीची पावती) आल्या दिवशी सोडतो, लटकवत नाही. दिवाळीच्या तोंडावर गाड्या मिळेनाशा होतात तेव्हा ते आमच्यासाठी गाडी काढतात, ती याच वागण्यामुळे.

पीओडीवरून शेवटचं. माल उतरताना बॉक्स फुटलेला दिसला तर ग्राहकाला सांगा, सही करायच्या आधी बिल्टीवर शेरा लिहा, फोटो काढा, ड्रायव्हरची सही घ्या. वाहतूकदारावर दावा करायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिची मुदत १८० दिवस. हे दिवस नुकसान कळल्यापासून नाही, माल बुक केल्याच्या तारखेपासून मोजतात. ग्राहकाने गोदामात ठेवलेला बॉक्स चार महिन्यांनी उघडून फोन केला, तर आधी बिल्टी काढून तिच्यावरची तारीख बघा.