बंदूकवाल्याने आवाज चढवू नये

आमच्या देवगड तालुक्यात आंबा-काजूची बाग असलेल्या बऱ्याच घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. कुठे जुनी ठासणीची, कुठे बारा बोअरची एकनळी. माझ्याकडे एकनळी आहे. परवान्याला कागद काय लागतात हे विचारायला हल्ली तरुण मुलं येतात. कागद मी सांगतोच. बंदूक आल्यावर वागायचं कसं, हे मात्र कोणी विचारत नाही, म्हणून लिहितोय.

ज्याच्या घरात बंदूक आली, त्याने भांडण सोडायचं. माझं मत इतकं स्पष्ट आहे.

मागे शेजाऱ्यांनी गडगा रचताना तो आमच्या हद्दीत सरकवला. मी बोलायला गेलो. हातात काही नव्हतं, बंदूक घरात कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कपाटात. आवाजही चढला नव्हता. तरी त्यांची म्हातारी आई पडवीतून मुलाला ओरडली, "आत ये रे झिला, तेच्याकडे बंदूक आसा!" मी तिथेच विषय थांबवला आणि मोजणीचा अर्ज टाकला. दुसऱ्या कोणी चार शिव्या घातल्या तर ते भांडण असतं, मी घातल्या तर ती धमकी होते. आणि त्या आईचं काही चुकलेलं नाही.

याहून वाईट म्हणजे लोक तोंडावर बोलेनासे होतात. वाडीच्या बैठकीत आपलं म्हणणं कोणी खोडत नाही, आणि माणसाला वाटू लागतं की आपलंच बरोबर. माज असाच चढतो, हळूहळू. म्हणून बैठकीत मी शेवटी बोलतो.

काही घरांत बंदूक पडवीत खुंटीला दिसेल अशी टांगतात. ते बंद करा. लिओनार्ड बर्कोविट्झ आणि अँथनी लेपाज या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली अमेरिकेत एक प्रयोग केला होता. आधी डिवचलेल्या विद्यार्थ्यांनी, समोर बंदूक ठेवलेली असताना, दुसऱ्याला जास्त शॉक दिले. त्या निष्कर्षावर पुढे वाद झाले, पण घरातल्या भांडणात नजर खुंटीकडे जाते हे सांगायला मला प्रयोग लागत नाही.

शिमग्यात पालखी आली की "एक बार काढ रे" असा आग्रह होतो. अजिबात ऐकू नका. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आनंदाच्या भरात दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, डुक्कर मारायलासुद्धा वनखात्याची परवानगी लागते. आणि स्वसंरक्षण म्हटलं तरी बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायची कायद्याची मुभा आहे. अंगणात शिरलेल्या दारुड्यावर बंदूक रोखणं त्यात बसत नाही.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायला सांगितली की काहींना तो अपमान वाटतो. मला वाटत नाही. त्या दिवसांत वानर आले की आम्ही डबे बडवतो, आणि घरच्यांना जरा मोकळं वाटतं, हे बायकोने मला तोंडावर सांगितलंय.

तेव्हा अर्ज भरण्याआधी घरातल्या बायकामुलांना विचारा, माझ्या रागाची तुम्हाला भीती वाटते का? आणि जिथे रोज संध्याकाळी बाटली उघडते, त्या घरचा अर्ज भरायला मी बसणार नाही, नातं कितीही जवळचं असो.