चार दिवसांचा ताप, चौदा महिन्यांची माफी

काल कोर्टातून आल्यापासून डोकं फिरलंय. प्रतिवादीला पुन्हा मुदत मिळाली. कशासाठी? मागच्या उशिराबद्दल जी पाचशे रुपये कॉस्ट लावली होती, ती भरायला! उशिराच्या दंडालाही उशीर, आणि त्यालाही माफी.

जागा आमची, ठाण मांडून बसलाय हा. ताब्यासाठी दावा लावला. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची, आणि कोर्टाने कारणं नोंदवून मुदत वाढवली तरी 90 दिवसांच्या आत, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत सरळ छापलंय. या महाशयांनी पहिल्या तारखेला वकीलपत्र दिलं आणि पुढे नुसते मुदत अर्ज. शेवटी विना कैफियत दावा चालवायचा हुकूम झाला. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! चौदा महिन्यांनी तो हुकूम रद्द करा म्हणून अर्ज आला, सोबत विलंब माफी आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट. ताप होता म्हणे. किती दिवस? चार! बाकीचे चौदा महिने काय कपाळावर पट्ट्या ठेवून पडला होता? आमच्याच ओट्यावर रोज पेपर वाचत बसलेला मी बघत होतो.

वकिलांना विचारलं, मग त्या 90 दिवसांचं काय? ते म्हणाले, सुप्रीम कोर्टाने 2005 मध्येच सांगितलंय की ही मुदत अगदी बंधनकारक नाही, अपवादात्मक परिस्थितीत पुढेही देता येते. अपवादात्मक म्हणे! त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत असले तीन अपवाद मंजूर झाले. आणि व्यापारी दाव्यांत? 120 दिवस झाले की कैफियतीचा हक्कच संपतो, कोर्टालाही ती घेता येत नाही. म्हणजे कडक राहता येतं की. आमच्या वेळी कुठे जातो हा कडकपणा?

बरं, हाच उशीर मी दावा लावायला केला असता तर? मुदत कायद्यातलं विलंब माफीचं ते कलम 5 अपिलाला आणि अर्जाला लागू, दाव्याला नाही. उदाहरणार्थ, उसने दिलेले पैसे परत मागायला 3 वर्षं. त्यावर एक दिवस गेला (शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर गोष्ट वेगळी) की दावा खलास. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी कोर्टाने तो स्वतःहून फेटाळायचा. तिथे ताप चालत नाही, सर्टिफिकेट चालत नाही, आई वारली तरी चालत नाही. दारात यायला उशीर झाला तर हाकलून देणार, आणि आत येऊन खुर्ची अडवून बसलेल्याला मात्र 'सावकाश होऊ द्या'.

त्यांच्या वकिलाने 1987 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून दाखवला. त्यात म्हटलंय की उशिरा अपील करून पक्षकाराचा सहसा काही फायदा होत नाही. अहो, त्या प्रकरणात उशीर होता 4 दिवसांचा! तो निकाल चौदा महिन्यांना चिकटवता? आणि फायदा होत नाही कसा? एक पैसा न देता जागेत राहतोय तो. त्याच्यासाठी प्रत्येक तारीख म्हणजे आणखी महिनाभर फुकटचा मुक्काम.

खरंच अडलेल्याला माफी द्यावी, मी नाही म्हणत नाही. नोटीस वाचता न येणारी म्हातारी असेल, वकिलाने फसवलेला शेतकरी असेल, त्यांच्यासाठीच ती सोय आहे. पण तिचा फायदा उपटतं कोण? सरकारसुद्धा! 2020 मध्ये मध्य प्रदेश सरकार 663 दिवस उशिरा सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा कोर्टाने खडसावून 25,000 रुपये कॉस्ट लावली आणि माफीही नाकारली. वाचून बरं वाटलं. पण आमच्या कोर्टापर्यंत हा वारा पोचतच नाही.

आमचे वकील म्हणतात, फार विरोध करू नका. अर्ज नामंजूर झाला तर तो हायकोर्टात रिट याचिका टाकेल, स्टे आणेल, आणखी दोन वर्षं जातील. म्हणजे त्याने उशीर केला तरी मी गप्प बसायचं, नाहीतर तो आणखी उशीर करणार!

पुढची तारीख सव्वा महिन्याने. कैफियत द्यायला नाही हां, पाचशे रुपये भरायला.