मनगट नव्हे, खुंटी

दिवाळीत चकलीचा सोऱ्या माझ्याच्याने अर्धा फेराही फिरला नाही, तेव्हा बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि एक अक्षरही न बोलता पन्नास चकल्या पाडल्या. ती काही बोलली असती, तर मी व्यायामशाळेत तीन महिन्यांचे पैसे भरलेच नसते.

काल सकाळी बाकावर बसून, हात मांडीवर टेकवून आणि तळवा वर करून मी एक किलोचे डंबेल केवळ मनगटाच्या जोरावर वर-खाली करत होतो. (त्या वजनात तेथे फक्त गुलाबी रंग मिळतो, आणि हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.) मनगट आत वळवणारे स्नायू वेगळे आणि मागे उचलणारे वेगळे असल्यामुळे पुढची पंधरा आवर्तने तळवा खाली करून घालायची होती, तेवढ्यात, रोज सायकलवर पायडल न मारता बसून राहणारे एक वयस्कर गृहस्थ खाली उतरले आणि त्यांनी आपल्या अंगठ्याचा व करंगळीचा फास करून माझे मनगट त्यात अडकवले.

"किती इंच?" त्यांनी विचारले.

"मोजलं नाही, काका."

"मोजण्यासारखं नाहीच. हे मनगट नव्हे, घड्याळ अडकवायची खुंटी आहे."

एवढ्यावर न थांबता त्यांनी पलीकडे वजने उचलणाऱ्या एका तरुणाला हाक मारून जवळ बोलावले, माझा हात त्याच्यापुढे धरला आणि "असं होऊ देऊ नकोस," असे बजावले. त्या मुलाने अत्यंत गंभीरपणे मान डोलावली, याचाच मला अधिक राग आला.

मी शास्त्राचा आधार घेतला. मनगटात आठ छोटी हाडेच असतात, बोटांत तर मिटण्या-उघडण्याचे स्नायू नसतातच आणि पकडीचा बहुतेक जोर कोपराखालच्या स्नायूंतून येतो, असे मी त्यांना समजावून सांगितले.

"बरं," माझ्या कोपराखाली चाचपत ते म्हणाले, "मग इथं तरी काय आहे?"

त्यानंतर बाळंभटदादा देवधरांचा विषय निघाला. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या या मल्लाने मल्लखांबाला नवे जीवन दिले हे मला मान्य आहे, आणि खांबाला लोंबकळून मनगटे पोलादी होत असतील हेही मान्य आहे; परंतु काकांनी त्यांचा उल्लेख शेजारच्या वाड्यातल्या माणसासारखा का करावा, आणि त्या थोर पुरुषाच्या वतीने माझ्यावर निराश का व्हावे?

"तुम्ही स्वतः कोणता व्यायाम करता?" मी अखेर विचारले.

"मी? मला डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आहे."

या संवादाच्या वेळी मोबाइलमध्ये बुडालेल्या प्रशिक्षकाने नंतर मला एक खास व्यायाम दिला: ओला टॉवेल दोन्ही हातांनी एकदा सुलट आणि एकदा उलट पिळायचा. धुणे पिळण्याचे पैसे घेणारी माणसे मला ठाऊक होती. धुणे पिळण्यासाठी पैसे भरणारा माणूस मी प्रथमच पाहिला, आणि तोही आरशात. घरी हे सांगण्याची चूक केल्यामुळे रात्री दोन चादरींची बादली माझ्यापुढे आली.

आज पकडीत बळ नव्हतेच, तरी भरलेले पैसे आठवून मी गेलो. काका सायकलवरच बसले होते, आणि त्यांच्या गळ्यात शिंप्याची टेप होती.